नसीमबीच्या वहीतले डोंगर

नसीमबीला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर बरीच वर्षं तिचं एकच उत्तर असायचं, "काय न्हाय, यांना आकडे वाचून दाखवते." आणि त्यात खोटं काही नव्हतं. पंचेचाळिशी उलटल्यावर तिच्या नवऱ्याला, बाबामियाँना, बारीक दिसेनासं झालं. चष्मा आला, चष्म्याचा नंबर वाढला, पण बारीक मापं घ्यायच्या डायल गेजच्या तबकडीवरच्या केसाएवढ्या रेघा काही एकमेकींपासून सुट्या होईनात. आणि बाबामियाँचा धंदा सगळा त्या रेघांवर चालायचा.

येडशीत स्टेशनकडून हमरस्त्याकडे यायला लागलं की त्यांचं पत्र्याचं शेड लागतं. इंजिनाचे कॅमशाफ्ट घासून देणारा दुसरा माणूस आसपासच्या चार तालुक्यांत नव्हता. कॅमशाफ्ट, थोडक्यात कॅम, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा. मोटारसायकलचा वीतभर, जीपचा हातभर. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल मिसळलेली हवा आत जाते. उंचवटा सरला की व्हॉल्व्ह मिटतो. उंचवटा किती उंच, किती रुंद, कुठं चढायला लागतो नि कुठं उतरतो, यावर इंजिनाचा सगळा श्वास. "दांडा बदलला तर बैलाचा घोडा करता येतो," बाबामियाँ म्हणायचे, "आणि करणाऱ्याला अक्कल नसली तर घोड्याचं गाढव."

हे काम ते सोलापुरात विरुपाक्ष मिस्त्रींच्या हाताखाली अकरा वर्षं शिकले होते. मिस्त्री कानडी माणूस, बोलणं कमी, चूक झाली की दांडा भंगारात टाकून पुन्हा करायला लावणारा. त्यांच्याकडून बाबामियाँनी हात आणला आणि कान आणला. इंजिन चालू केलं की मान तिरकी करून दोन मिनिटं ऐकायचे आणि सांगायचे, हे खालून ओढंल पण वर दम टाकंल. बहुतेक वेळा तसंच निघायचं.

नसीमबी नळदुर्गची. नववीपर्यंत शिकलेली, गणितात बरी. रोज दहाच्या सुमाराला स्वयंपाक उरकला की ती शेडात यायची आणि बाकाजवळच्या स्टुलावर बसायची. बाबामियाँ दांडा पाच-पाच अंशांनी फिरवायचे आणि ती सुईचा आकडा सांगायची. "बारा. साडेसतरा. सव्वीस." दोघं घरात दखनीत बोलायची, शेडात मराठीत, आणि आकडे मात्र कायम मराठीतच, कारण तिच्या शाळेत पाढे मराठीतून झाले होते.

बाबामियाँ एकच आकडा तीन-तीनदा विचारायचे. म्हणून तिनं लिहून ठेवायला सुरुवात केली, मुलीच्या, सानियाच्या, अर्ध्या उरलेल्या वहीत. दोन वर्षांत तीन वह्या भरल्या. त्या वेळी सानिया अकरावी सायन्सला होती. एका रविवारी तिनं सहज वही उघडली, आपला आलेखाचा कागद घेतला आणि एका कॅमचे आकडे त्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी मांडून जोडले.

"अम्मी, हा बघ डोंगर."

खरंच डोंगर होता. एका बाजूनं चढण, वर माथा, दुसऱ्या बाजूनं उतार. नसीमबीनं दुसऱ्या कॅमचा काढायला सांगितला. तो जरा बुटका आणि पसरट निघाला. हा दुसरा कॅम एका काळीपिवळी जीपचा होता. तिचा ड्रायव्हर आठ दिवसांपूर्वीच सांगून गेला होता की रामलिंगच्या घाटात गाडी आता दुसऱ्या गिअरला रडते, सपाटीला मात्र पळते. नसीमबी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिली. चूल पेटवायची वेळ टळून गेली तरी तिला भान नव्हतं.

तिथून तिला नाद लागला. प्रत्येक कॅमचा डोंगर ती काढून ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं की विचारायची, चढावर कसं ओढतंय, कुठल्या गिअरला मरतंय, वरच्या वेगाला अजून जीव उरतोय का. लोकांना नवल वाटायचं, पण आपल्या गाडीबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही? ते सगळं ती डोंगराखाली लिहायची. बारा वर्षांत असे चारशेच्या वर डोंगर जमले. नवीन कॅम आला की ती वह्या उलटून त्याच्यासारखा जुना शोधायची आणि मग सांगू शकायची, अमुक फेऱ्यांच्या खाली ताकद जाईल, अमुक फेऱ्यांच्या वर येईल.

सांगायची, पण सानियालाच. बाबामियाँ वहीकडे बघत नसत. "कागदावर इंजिन चालत न्हाय," एवढंच म्हणत. ते रागानं म्हणत नसत. आपल्याला ऐकू येतं ते हिला बघावं लागतं, अशी त्यांची समजूत होती. भांडण असं कधी झालं नाही.

मागच्या दिवाळीनंतर सोनारीहून कृष्णराज आला. पंचवीस-सव्वीसचा, बापाची बागायत सांभाळणारा, आणि मातीच्या रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतींचा शौकीन. परंड्याच्या बाजूला एका माळावर जानेवारीत शर्यत होती. दीडशे सीसीची गाडी त्यानं शेडासमोर लावली आणि मोबाइलवर एक चित्र दाखवलं.

"चाचा, असला कॅम पायजे. सगळ्यात मोठा."

बाबामियाँनी मोबाइल लांब धरून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. जीपा आणि पंपांची इंजिनं करून करून कंटाळलेल्या हाताला बऱ्याच वर्षांनी असं काम येत होतं. "करू की. सोलापुरात असताना म्या असले चार केलेत."

नसीमबी स्टुलावर बसली होती. तिनं विचारलं, "शर्यतीच्या रस्त्यावर वळणं किती?"

कृष्णराजनं तिच्याकडं पाहिलं. हे त्याला आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. "अकरा."

"आणि सरळ पट्टा?"

"एकच. दीडेकशे मीटर. बाकी नुसतं वळून चढायचं, वळून उतरायचं."

"वळणातून निघताना गाडी किती वेगात असती?"

"तीस. लई तर पस्तीस."

तिनं सानियाकडं पाहिलं. सानिया आता अठ्ठावीस वर्षांची होती, धाराशिवच्या एका कंपनीत मोजमापाच्या खोलीत कामाला, आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. तिनं मनातल्या मनात भाग दिला. "तिसऱ्या गिअरला तीस म्हणजे मिनिटाला पावणेचार हजार फेरे."

"मग मोठा कॅम घेऊ नका," नसीमबी म्हणाली.

गिऱ्हाइकासमोर ती असं पहिल्यांदाच बोलली होती. बाबामियाँनी हातातलं फडकं बाकावर ठेवलं. कृष्णराज नम्रपणे, पण हसत म्हणाला, "का चाची? मोठ्या कॅमनं ताकद वाढती, सगळे म्हणत्यात."

"वाढती. कुठं वाढती ते बघायचं." तिनं थोडा विचार केला. "मेंढरं वाड्यात घालताना बघितलीत ना? मेंढरं पळत आली की मागची पुढच्यांना रेटत्यात. फाटक जरा जास्त वेळ उघडं ठेवलं तर दहा मेंढरं जास्त बसत्यात. पण तीच मेंढरं सावकाश आली आणि फाटक तेवढाच वेळ उघडं राहिलं, तर आत गेलेली माघारी फिरत्यात. मोठा कॅम म्हणजे लई वेळ उघडं फाटक. इंजिन जोरात फिरत असलं तर हवा रेटून आत येती. सावकाश असलं तर पिस्टन वर येताना तीच हवा बाहेर ढकलतो. साडेसहा हजारांच्या वर तुमची ताकद वाढंल. पाच हजारांच्या खाली पहिल्यापेक्षा कमी व्हईल. आणि तुम्ही तर प्रत्येक वळणातून पावणेचार हजारांवर निघताय."

कृष्णराज बाबामियाँकडं वळला. "चाचा, तुमी काय म्हंता?"

बाबामियाँना बायकोचं म्हणणं खोडायचं नव्हतं आणि हातातलं काम सोडायचंही नव्हतं. "खाली जरा कमी व्हईल, ते खरं. पण एवढं न्हाय. क्लच दाबून सावरता येतं. शर्यतीच्या गाडीला दम वरच पायजे."

शेवटी सानियानं तोड काढली. दोन कॅम करायचे, एक मोठा, एक अम्मी सांगेल तसा मधला. हमरस्ता झाल्यावर मागं पडलेला जुन्या रस्त्याचा एक तुकडा गावाबाहेर होता, हलक्या चढाचा, वाहतूक नसलेला. तिथं तिसऱ्या गिअरला तीसपासून पन्नासपर्यंत आणि पन्नासपासून ऐंशीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. कृष्णराजला हे एकदम पटलं. बाबामियाँही म्हणाले, "व्हय, व्हऊन जाऊ द्या."

आधी कंपनीच्या मूळ कॅमवर मोजलं. तीस ते पन्नास तीन पूर्णांक दोन सेकंद, पन्नास ते ऐंशी पाच पूर्णांक आठ. प्रत्येक मोजणी पाचदा केली आणि मधली धरली. त्या रात्रीच्या जेवणाआधी नसीमबीनं वह्या काढल्या, दोन जुन्या डोंगरांवरून नव्या दोघांचा हिशेब लावला आणि एका कागदावर चार आकडे लिहून तो कागद शेडातल्या खिळ्याला टोचला. मोठा कॅम: तीन आठ, आणि पाच एक. मधला: तीन एक, आणि पाच पाच. म्हणजे मोठा खाली मार खाणार, वर कमावणार. मधला खाली काही गमावणार नाही आणि वर थोडं कमावणार.

बाबामियाँनी कागदाकडं बघितलं. "आणि चुकलं तर?"

"तर चुकलं."

आठवड्याभरात दोन्ही कॅम घासून झाले. नसीमबीनं दोघांचे डोंगर काढले, हवे होते तसेच आले होते. पहिल्यांदा मोठा बसवला. जुन्या रस्त्यावर सानिया मोबाइलवर वेळ मोजायला आणि कृष्णराज गाडीवर. तीस ते पन्नास, तीन नऊ. पन्नास ते ऐंशी, पाच पूर्णांक शून्य. नसीमबीच्या कागदाशी एका दशांशाचा फरक.

पण कृष्णराज गाडीवरून उतरला तो खुशीत. "चाची, आकडे काय बी सांगू द्या. पन्नासच्या पुढं अशी उसळती की हातातनं सुटती."

"उसळती, कारण त्याच्या आधी मेलेली असती," नसीमबी म्हणाली. "सारखी ओढणारी गाडी उसळल्यासारखी वाटत न्हाय."

कृष्णराजला हे पटलं असं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मधला कॅम बसवला. आणि इथं नसीमबीचं चुकलं.

तीस ते पन्नास, तीन पाच. पुन्हा, तीन पाच. पुन्हा, तीन सहा. वरचा आकडा पाच तीन आला, तिनं लिहिलेल्या पाच पाचपेक्षा चांगला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. खाली गाडी मूळ कॅमपेक्षा हळू झाली होती. तिनं ठामपणे सांगितलेली एकच गोष्ट होती, की मधला खाली गमावणार नाही.

शेडात परतल्यावर बाबामियाँनी तिला टोमणा मारला नाही, पण खिळ्याचा कागद वाऱ्यानं फडफडत होता आणि जाता-येता त्यांची नजर त्याच्यावर जात होती. कृष्णराज म्हणाला, "मग मोठाच घालू का, चाची?"

"दोन दिवस द्या."

तिनं मधला कॅम पुन्हा बाकावर चढवला. आकडे पुन्हा घेतले. डोंगर तोच, तसूभर फरक नाही. वह्या पुन्हा उलटल्या, तशा डोंगराची तीन इंजिनं सापडली, तिन्ही खाली छान ओढणारी. मग हे असं का? रात्री तिला झोप लागली, तशी ती झोपेच्या बाबतीत पक्की होती, पण सकाळी भाकरी थापताना तिच्या मनात आलं ते असं: खाली हळू, वर अपेक्षेपेक्षा जोरात. ही तर मोठ्या कॅमची चाल. मधला कॅम मोठ्यासारखा वागतोय. म्हणजे फाटक उशिरा बंद होतंय. डोंगर रुंद नाही, मग उशीर कसला? डोंगर तेवढाच आहे, पण तो आपल्या जागेवर नसेल तर?

तव्यावरची भाकरी तिनं उतरवली आणि शेडात आली. कॅमच्या टोकाला एक बारीक खुंटी असते. त्या खुंटीवर दातेरी चक्र बसतं, चक्रावर चेन, आणि चेननं कॅम पिस्टनशी बांधलेला. उंचवटा त्या खुंटीपासून ठरलेल्या अंशावर असावा लागतो. नसीमबी बारा वर्षं डोंगर मोजत होती तो माथ्यापासून. सुई सगळ्यात वर गेली की शून्य, तिथून इकडे-तिकडे. खुंटी कुठं आहे, हे तिनं एकदाही लिहिलं नव्हतं.

तिनं अंशांचा गोल कागद चिकटवलेली स्टीलची ताटली दांड्याच्या टोकाला लावली, मूळ कॅम आधी मोजला, मग मधला. मधल्याचा माथा खुंटीपासून चार अंश मागं होता. कॅम निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून त्याचे चार अंश म्हणजे खाली पिस्टनच्या दांड्याचे आठ. फाटक आठ अंश उशिरा मिटत होतं.

आता हे सांगायचं कुणाला, तर बाबामियाँना. कारण घासायच्या आधी दांडा यंत्रावर चढवून खुंटीची खूण जुळवायचं काम त्यांचं होतं. ते अकरा वर्षं सोलापुरात आणि पुढची सगळी वर्षं इथं नजरेनं जुळवत आले होते. तिथं नसीमबीला कधी बोलावलं नव्हतं, कारण तिथं आकडा वाचायचा नव्हता, नुसती रेघेवर रेघ आणायची होती. आणि रेघेवर रेघ आली की नाही, हे त्यांना किती वर्षांपासून नीट दिसत नव्हतं, कुणास ठाऊक.

चेन ढिली होती म्हणून सांगता आलं असतं. चक्र खराब निघालं म्हणून सांगता आलं असतं. कृष्णराजनं काही विचारलं नसतं. बाबामियाँ चहा घेऊन आले तेव्हा तिनं कप घेतला आणि सांगितलं, "ऐका. म्या माथ्यापासून मोजत आले, खुंटीपासून मोजायला पायजे होतं. ही माझी चूक. आणि खुंटीची खूण चार अंशांनी सरकलीय."

बाबामियाँनी कप खाली ठेवला. वाकून ताटलीकडं बघितलं, डोळे बारीक केले, मग बोटानं खुंटी चाचपली. "चार?"

"चार."

"मोठ्या कॅमचं काय?"

"तो बरोबर हाय. अर्धा अंश इकडं-तिकडं."

म्हणजे कधी जुळत होतं, कधी नाही. हे त्यांना जास्त लागलं असावं. ते बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत एका जुन्या पंपाचं इंजिन खोलत बसले. दुसरा दिवसही तसाच गेला. जेवताना बोलले ते मीठ-मिरचीपुरतं. नसीमबीनं छेडलं नाही. तिला त्यांची सवय होती. विषय त्यांच्या पोटात गेला की वर यायला वेळ लागायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच मधला कॅम घेऊन बाकाशी आले. चक्राची भोकं कानशीनं लांबट केली, म्हणजे चक्र खुंटीभोवती जरासं फिरवता येईल. मग म्हणाले, "नसीम, बस हितं. म्या फिरवतो, तू थांब म्हण."

तिनं ताटलीवर नजर ठेवली. ते केसाकेसानं फिरवत गेले. "अजून. अजून. थांबा."

त्यांनी बोल्ट आवळले आणि मग हात पुसता पुसता विचारलं, "तो डोंगर कसा वाचायचा असतो?"

बारा वर्षांत पहिल्यांदा. तिनं वही उघडली आणि मधल्या कॅमचं पान दाखवलं. चढण म्हणजे व्हॉल्व्ह उघडताना, उतार म्हणजे मिटताना, आणि उताराचा पायथा कुठं येतो त्याच्यावर खालची ताकद. ते ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी उताराच्या टोकावर बोट ठेवलं. "हितं लई तुटक उतरतोय. व्हॉल्व्ह आपटंल. आवाज करंल." ते तिच्या वहीत नव्हतं. तिनं त्याच पानावर लिहून घेतलं.

जुन्या रस्त्यावर त्या दुपारी तीस ते पन्नास तीन एक आले आणि पन्नास ते ऐंशी पाच पाच. कृष्णराजनं मोबाइल स्वतः हातात घेऊन बघितला. तरी त्याचं मन मोठ्या कॅमकडंच ओढत होतं. "चाची, ही गाडी मवाळ वाटती."

"वाटू द्या. तुमी मोठा बी सोबत न्या. तिथं सरावाला दोन्ही लावून बघा. एका फेरीला किती वेळ लागला ते मला सांगा. मग मनाला येईल तो घाला."

त्यानं तसंच केलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. मोठ्या कॅमवर फेरीला एक मिनिट एकोणचाळीस, मधल्यावर एक मिनिट पस्तीस. "वाटत तर उलटंच होतं," तो म्हणाला. शर्यतीला मधला घातला. एकोणीस गाड्यांत तो दुसरा आला. वळणावळणातून त्यानं माणसं मागं टाकली आणि शेवटच्या फेरीत त्या एकुलत्या सरळ पट्ट्यावर बार्शीकडचा एक जण त्याच्या शेजारून निघून गेला. फोनवर तो हे सांगत होता तेव्हा मागं हलगी वाजत होती. नसीमबीनं विचारलं, "तो गेला तेव्हा तुमची गाडी कितव्या गिअरला होती?" तो हसला, पण आठवून सांगितलं, आणि तिनं लिहून घेतलं.

गोष्ट इथं संपली असती, पण नसीमबीच्या वह्यांत तेवीस पानं अशी होती ज्यांच्याखाली तिनं प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. डोंगर चांगला, इंजिन मात्र सांगितल्यासारखं न चाललेलं. आजवर ती समजायची की आपल्याला कळत नाही. आता तिला दुसरीच शंका होती. तिनं नवऱ्याला ती पानं दाखवली.

बाबामियाँ बराच वेळ पानं चाळत राहिले. काही नावं त्यांना आठवत होती, काही नव्हती. मग म्हणाले, "फोन लाव. म्या बोलतो."

नऊ नंबर लागले. बाबामियाँनी प्रत्येकाला तेच सांगितलं, आडपडदा न ठेवता: तुमच्या कॅमची खूण आमच्याकडून चुकली असंल, गाडी घेऊन या, बघून देतो. दोघांनी गाड्या कधीच विकल्या होत्या. एकानं अर्धा तास सुनावलं, की तुमच्यामुळं मी तीन वर्षं घाटात लोकांना खाली उतरवून गाडी चढवली, आणि बाबामियाँनी फोन कानाला धरून सगळं ऐकून घेतलं. पाच जण आले. त्यातल्या तिघांच्या कॅमची खूण सरकलेली निघाली, तीन अंश, पाच अंश, साडेतीन. ती नीट केली.

शेवटी आला तो अणदूरचा गौरीशंकर. खंडोबाच्या यात्रेकरूंना ने-आण करणारी जुनी पेट्रोल जीप, सहा वर्षांपूर्वी कॅम घासून नेलेली, आणि तेव्हापासून चढावर गुदमरणारी. इंजिन खोललं. नसीमबीनं ताटली लावली. खूण बरोबर जागेवर होती, पाव अंशाचाही फरक नाही. तिनं पुन्हा मोजलं. बाबामियाँनी इंजिन जुळवून चालू केलं, मान तिरकी करून ऐकलं, आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनाही काही सापडेना. धुराचा पाइप बघितला, कार्बोरेटर बघितलं. सगळं ठीक.

गौरीशंकर दिवसभर शेडात बसून होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "मग काय व्हय, ताई?"

"माहीत न्हाय," नसीमबी म्हणाली. "कॅम बरोबर हाय एवढं सांगू शकते. बाकी कळलं की फोन करीन."

तो वैतागला नाही. चहा प्यायला, जीप वळवली आणि गुदमरत चढ चढून हमरस्त्याला लागला. नसीमबीनं शेडाच्या दारातून तिचा आवाज जाईपर्यंत ऐकला. मग आत येऊन गौरीशंकरच्या पानावर खुंटीचा आकडा लिहिला आणि प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

आता दांडा यंत्रावर चढवताना ती बाबामियाँच्या शेजारी उभी असते. खूण जुळली की "थांबा" म्हणते. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख सानियानं सोलापुरात घेऊन ठेवली आहे. बाबामियाँ दोनदा पुढं ढकलून आता तयार झाले आहेत. कुणी मोठा कॅम मागायला आलं तर ते स्टुलाकडं बोट दाखवतात. "आधी त्यांना सांग, कुठं चालवायची हाय ते." आणि नसीमबी वहीचं नवं पान काढून पहिला प्रश्न विचारते.